कातळ लागला तेव्हा पत्र कुठे होतं?

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात): राजापूर तालुक्यातले एक ठेकेदार. सतरा वर्षं गावातली घरं, विहिरी, ग्रामपंचायतीची कामं करतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच मुंबईच्या एका कंपनीकडून पोटठेका घेतला. सड्यावर (कातळाच्या पठारावर) रिसॉर्ट होतंय, त्यातल्या १२ कॉटेजचे पाये, जोती, चिऱ्याच्या भिंती आणि १४० मीटर राखण भिंत असं ८४ लाखांचं काम. करार ६२ पानी, इंग्रजीत. ‘सगळ्यांना हाच असतो’ असं सांगितलं म्हणून सही केली. वर्क ऑर्डर १० नोव्हेंबरची, मुदत ३१ मे.

जानेवारीत पायात कातळ लागला. साईटवरचे साहेब म्हणाले, ‘करून टाका, बिलात बघू.’ बिलात मात्र ३१० घनमीटर खोदाई ‘माती व मुरूम’ म्हणून २४० रुपयांनीच धरली. यांनी ९५० मागितले होते. ९ ते १२ नंबरच्या कॉटेजची जागा शेजाऱ्याच्या हद्दीच्या वादामुळे ३६ दिवस उशिरा, १६ डिसेंबरला मिळाली. आता पावसात काम अडकलंय आणि कंपनीने सहा आठवड्यांचा विलंब-दंड म्हणून २,५२,००० रुपये कापले आहेत. प्रत्येक बिलातून ५ टक्के अनामत कापली जातेच. चुलतभाऊ म्हणतो, मशीनं काढून आण आणि काम बंद कर. त्यातच कंपनीने गणपतीनंतर दुसऱ्या टप्प्याचं ६० लाखांचं काम देऊ केलंय, त्याच करारावर. विचारतात: ‘करार एकतर्फी आहे, तो आता वाचून काय उपयोग? काम बंद करू की पैसे सोडून देऊ?’

—

पत्रात तुम्ही तीनदा लिहिलंय की ‘मी काहीच लिहून दिलं नाही’. पण सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये २२ जानेवारीचा तुमचाच मेसेज दिसतो: ‘साहेब ३ नंबरला कातळ लागलाय, ब्रेकर लावतो’, खाली ब्रेकरचा फोटो, आणि त्याखाली साहेबांचं ‘ओके, प्रोसीड’. म्हणजे लिहून दिलंत. फक्त करारात सांगितलेल्या माणसाला, सांगितलेल्या पत्त्यावर, सांगितलेल्या दिवसांत दिलं नाहीत. या दोन गोष्टींत बराच फरक आहे, आणि तुमचे बरेचसे पैसे त्या फरकातच अडकलेत.

आधी ‘एकतर्फी’ या शब्दाबद्दल. करार कंपनीने लिहिलाय, तो तिच्या बाजूने झुकणारच. पण तुम्ही पाठवलेल्या पानांवरून दिसतं की त्याचा सांगाडा फिडिक नावाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुन्यावरून घेतलाय. जगभरची मोठी कामं ज्या नमुना अटींवर चालतात, त्यांत या संघटनेचं ‘रेड बुक’ मोडतं, १९५७ पासूनचं. अशा करारांची तऱ्हा एकच: प्रत्येक हक्काला एक तारीख बांधलेली असते. जमिनीखाली अनपेक्षित काही निघालं तर जादा पैसे मागता येतात, पण कळवायचं अमुक दिवसांत. जागा उशिरा मिळाली तर मुदतवाढ मिळते, पण मागायची अमुक दिवसांत. मूळ रेड बुकात ही मुदत २८ दिवसांची आहे. तुमच्या कंपनीने ती १४ वर आणली. एकतर्फीपणा असेल तर तो या चौदात आहे. हक्क मात्र छापलेला आहे, आणि तुम्ही तो वाचलाच नव्हता.

आता कातळाकडे येऊ.

कोकणाबाहेरून आलेल्या अभियंत्याला जांभा (इथला लालसर खडक) कळायला एक हंगाम जातो. ताजा कापलेला जांभा मऊ असतो, म्हणून तर चिरा कापता येतो. हवा लागली की तोच घट्ट होत जातो. ब्रेकरने फोडला की लालसर भुगा आणि खडे पडतात आणि ढिगाकडे बघणारा म्हणतो, ‘हा तर कठीण मुरूम.’ पण सड्यावरचा वरचा कातळ, जो कुदळीला सहज दाद देत नाही, तो मुरूम नव्हे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या तपशिलांत घट्ट जांभ्याचा उल्लेख वाळूखडक आणि चुनखडकाच्या जोडीला, ‘साधा खडक’ या वर्गात येतो. पहार आणि कुदळीने फोडता येतो, पण तरीही खडकच. तेव्हा तुमची मागणी ‘कठीण खडक’ अशी नको, ‘जांभा खडक, साधा वर्ग’ अशी करा. जास्त मागून पूर्ण मागणीच संशयास्पद करण्यात अर्थ नाही.

पण त्याआधी एक पान शोधा. तुम्ही पाठवलेल्या दरपत्रकात ‘सर्व प्रकारच्या मातीत व मुरुमात खोदाई’ असं आहे, हे तुमच्या बाजूचं. मात्र दरपत्रकाच्या आधी एक-दोन पानांची प्रस्तावना असते आणि ‘विशेष अटी’ नावाचा वेगळा भाग असतो. त्यात कुठे ‘खडकासह सर्व स्तरांत’ असे शब्द असतील तर गणित उलटतं, कारण बहुतेक करारांत विशेष अटी सर्वसाधारण अटींवर मात करतात. कोणता कागद कोणावर मात करतो, तो क्रम करारात सुरुवातीलाच लिहिलेला असतो. ते शब्द सापडले तर कातळाची मागणी फार ताणू नका, दंडाच्या मुद्द्यावर लक्ष द्या. नाही सापडले तर पुढे वाचा.

३१० घनमीटर हा आकडा कशाचा आहे? खड्ड्याच्या मापाचा की ढिगाच्या? फोडलेला खडक फुलतो. ढीग मोजून खडक धरायचा तर पोकळीसाठी ५० टक्के वजा करण्याची रूढ पद्धत आहे. म्हणजे ३१० ढिगाचे असतील तर हिशेबात १५५ उरतात. तुम्ही पाया आखणीच्या लांबी-रुंदी-खोलीवरून काढले असतील (३१० घनमीटर म्हणजे साधारण ११० ब्रास), तर आकडा टिकतो. हे पहिल्या पत्रातच स्पष्ट लिहा, नाहीतर समोरचा हाच प्रश्न विचारून महिनाभर खेळवेल.

आणि ९५० कुठून आले? शेजारच्या ठेकेदाराला मिळाले म्हणून, असं तुम्ही लिहिता. ते उपयोगाचं नाही. तुमच्याच पावत्यांवरून दर बांधू: ब्रेकर ११ दिवस, दिवसाला ८ तास, तासाला १,५०० रुपये, म्हणजे १,३२,०००. मजुरी आणि फोडलेला माल बाजूला नेण्याची वाहतूक तुम्ही ६२,००० लिहिलीय. बेरीज १,९४,०००. त्यावर वरखर्च आणि नफा १५ टक्के धरला तर २९,१००. एकूण २,२३,१००, म्हणजे घनमीटरला साधारण ७२०. यातून आधीच मिळालेले ७४,४०० वजा केले की बाकी १,४८,७०० राहतात. हा आकडा पावत्यांसकट मांडता येतो. सोबत सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीतला खडक-खोदाईचा दर जोडा, कोकण विभागाचाच. दोन्ही जवळपास आले तर वाद मिटायला मदत होते. फार लांब असतील तर आपला आकडा पुन्हा तपासा.

पाया भरून झाला, वर जोतं आलं, आता खाली काय होतं ते कसं दाखवणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याला सोपा उपाय आहे. भरलेल्या पायाच्या बाजूला, दोन मीटर सोडून, तेवढ्याच खोलीचा एक चाचणी खड्डा मारा. तीन आणि सात नंबरला एकेक पुरे. कंपनीच्या माणसाला तारीख-वेळ लेखी कळवा, त्याच्यासमोर खणा, टेप लावून फोटो काढा, वर किती माती, खाली किती कातळ ते एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी ‘आपण आला नाहीत, नोंद अशी’ म्हणून ईमेल करा. त्याशिवाय ब्रेकरवाल्याच्या तासांच्या पावत्या, डिझेलची बिलं, आणि साईटवर रोज भरला जातो तो दैनिक अहवाल; त्यात ‘ब्रेकर १, जेसीबी १’ असं कंपनीच्याच माणसाने लिहिलेलं असतं. मुरूम काढायला ब्रेकर कोणी लावत नाही, एवढं वाक्य पुढे पुरेल. मोबाईल मात्र बदलू नका आणि चॅट पुसू नका. वाद पुढे गेला तर व्हॉट्सॲपचे मेसेज पुराव्यात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

चौदा दिवस उलटून गेले त्याचं काय? वकील सांगतील की अशा मुदतीमुळे हक्क कायमचा बुडतो का, यावर भारतीय करार कायद्याच्या कलम २८ च्या आधारे वाद घालता येतो. घालता येतो, पण त्या वादावर घर बांधू नका. तुमची खरी बाजू अशी की कंपनीच्या माणसाला त्याच दिवशी कळलं होतं, त्याने ‘प्रोसीड’ म्हटलं, आणि फायदा कंपनीने घेतला. काम खरोखरच कराराच्या बाहेरचं ठरलं तर फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा मोबदला कलम ७० खाली मागता येतो. करारात त्या कामाला दर आहे असं ठरलं तर मात्र ते कलम मदतीला येत नाही. म्हणून तर आधी ते पान शोधा म्हटलं.

दंडाकडे येऊ, कारण रक्कम मोठी आहे आणि तुमचा बचाव चुकीच्या जागी उभा आहे.

तुम्ही कंपनीला उत्तर दिलंत: ‘पाऊस दैवी आपत्ती आहे.’ रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जूनमध्ये पडतो हे तुम्हाला, कंपनीला आणि लवादालाही माहीत आहे. जे दर वर्षी येतं ते आपत्ती नव्हे, हवामान आहे. करारात शब्द आहेत ‘अपवादात्मक प्रतिकूल हवामान’. अपवादात्मक म्हणजे काय? ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ अपवादात्मक. मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगत गेलेलं तौक्ते अपवादात्मक. २०२५ साली मोसमी वारे २५ मेलाच देवगडपर्यंत पोहोचले; तसं एखादं वर्ष असेल तर मुदतीआधी बुडालेल्या दिवसांसाठी तो शब्द वापरता येतो, हवामान विभागाच्या रत्नागिरी केंद्राच्या किंवा कृषी विभागाच्या मंडळनिहाय नोंदी जोडून. साधा जून-जुलै त्यात बसत नाही. शिमग्याला आणि आंब्याच्या हंगामात गेलेले मजूरही बसत नाहीत, ते दिवस तुमचेच.

बसतात ते ३६ दिवस. जागा द्यायची जबाबदारी कंपनीची, वाद तिच्या शेजाऱ्याशी, आणि जागा मिळाली १६ डिसेंबरला. तुमच्या मागणीचा कणा हा आहे, आणि तो तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलाय.

इथे एक गोष्ट नीट मांडावी लागेल. ३६ दिवस उशिरा जागा दिली म्हणून ३६ दिवसांची वाढ, म्हणजे ६ जुलै, असा हिशेब कंपनी करेल आणि तो ऐकायला सरळ वाटतो. पण कोकणात नोव्हेंबरचे ३६ दिवस आणि जूनचे ३६ दिवस सारखे नसतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत चार कॉटेजचे पाये झाले असते तर भिंती एप्रिलमध्ये वर आल्या असत्या. ते काम ढकललं गेलं ते थेट पावसात, जेव्हा चिरेखाणीत पाणी भरतं, नवा चिरा निघत नाही, आणि उघड्यावर भिंत चढवता येत नाही. म्हणून मागायची वाढ ३६ दिवसांची नाही. उरलेलं काम उघडीप मिळाल्यावर करायला लागतील तेवढे दिवस धरून मागा, साधारण ऑक्टोबरअखेर. हे दाखवायला दोन पट्ट्यांचा साधा तक्ता लागेल: वरच्या पट्टीत ९ ते १२ कॉटेजचं काम ठरल्याप्रमाणे कधी होणार होतं, खालच्या पट्टीत प्रत्यक्षात कधी सुरू झालं. करार करताना दिलेला कार्यक्रम कंपनीकडे असेलच, तोच वापरा. नवा रचू नका.

नोटीस? त्याचीही सोय आहे. तुम्ही लिहिता की दर सोमवारी बैठक व्हायची आणि तिचं इतिवृत्त कंपनी ईमेलने पाठवायची. डिसेंबरची इतिवृत्तं काढा. त्यात ‘प्लॉट ९ ते १२ ताबा १६ डिसेंबर’ असं असेल तर ती कंपनीची स्वतःच्या हातची कबुली आहे. तुम्ही पाठवलेल्या कुठल्याही पत्रापेक्षा भक्कम.

आणि दंड म्हणून लिहिलेली रक्कम आपोआप कंपनीची होत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती वाजवी नुकसानभरपाईची कमाल मर्यादा आहे. २०१५ च्या कैलाश नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की काहीच नुकसान झालं नसेल तर ती वसूल करता येत नाही. नुकसान मोजणं अवघड असेल आणि आकडा आधीच प्रामाणिकपणे अंदाजून ठरवला असेल तर ती मिळू शकते, हे आधी २००३ च्या सॉ पाइप्स निकालात आलंय. मग प्रश्न विचारा: रिसॉर्ट पाच-सहा महिने उघडणारच नसेल, बाकीच्या ठेकेदारांचंही काम मागे असेल, तर तुमच्या चार कॉटेजमुळे कंपनीचं काय बुडालं? लेखी विचारा. शिवाय ८४ लाखांवर आठवड्याला अर्धा टक्का म्हणजे ४२,००० असा त्यांचा हिशेब पूर्ण कामावर आहे. आठ कॉटेज आणि राखण भिंत त्यांनी ताब्यात घेऊन पुढचं काम सुरू केलं असेल तर दंड उरलेल्या भागाच्या प्रमाणात असायला हवा. तुमच्या करारात तसं कलम आहे का पाहा, रेड बुकात आहे.

करार कायद्याचं कलम ५५ ही लक्षात ठेवा. वेळ उलटून गेल्यावरही समोरच्याने काम स्वीकारलं आणि त्या वेळी ‘भरपाई मागणार’ असं कळवलं नाही, तर नंतर त्याला मागता येत नाही. म्हणून ३१ मेनंतर कंपनीने तुम्हाला पहिलं पत्र कधी पाठवलं, ती तारीख शोधा.

आता चुलतभावाचा सल्ला. रागात तो बरोबर वाटतो. पण करारात काम थांबवायचा हक्क नसेल तर मशीनं काढून आणणं म्हणजे करार तुम्ही मोडला. मग कंपनी दुसरा ठेकेदार लावेल, त्याचा जादा खर्च तुमच्या अनामतीतून आणि उरलेल्या बिलांतून वसूल करेल, आणि आज ज्या वादात तुमची बाजू बरी आहे तो वाद तुमच्याच अंगावर येईल. रेड बुकात पैसे थकले तर २१ दिवसांची नोटीस देऊन काम थांबवायची किंवा वेग कमी करायची सोय आहे. तुमच्या प्रतीत ते कलम कंपनीने काढून टाकलंय की ठेवलंय, हे पाठवलेल्या पानांत दिसत नाही. असेल तर वापरा, नोटीस देऊन. नसेल तर काम चालू ठेवा आणि कागद वाढवा. पावसात तसंही तुम्ही फार काही करत नाही आहात; चिरा नाही, उघडीप नाही. ते दिवस कागदाला द्या.

पुढच्या दहा दिवसांत हे करा. करारातल्या ‘पत्रव्यवहार’ कलमात दिलेल्या नावावर आणि पत्त्यावर, ईमेल आणि नोंदणीकृत टपाल दोन्हींनी, दोन वेगळी पत्रं पाठवा: एक कातळाचं, एक मुदतवाढीचं. एकात मिसळू नका, कारण एक पैशाचं आहे आणि एक दिवसांचं. उत्तर देताना कंपनी सोप्या मुद्द्याला उत्तर देऊन दुसरा गिळेल. कराराची भाषा इंग्रजी आहे म्हणून इंग्रजीतच लिहून घ्या, पण आधी मराठीत असा मसुदा करा:

‘विषय: कॉटेज ९ ते १२, जागा ताब्यात देण्यास विलंब, मुदतवाढीची मागणी. करारातील कलम अमुक. जागा १० नोव्हेंबरला मिळायची होती, १६ डिसेंबरला मिळाली (आपलं इतिवृत्त दिनांक अमुक). त्यामुळे पायांचं काम ३६ दिवसांनी आणि भिंतींचं काम पावसाळ्यात गेलं. तक्ता सोबत. मुदत अमुक तारखेपर्यंत वाढवून द्यावी आणि कापलेले २,५२,००० रुपये पुढच्या बिलात परत करावेत. याबाबतचे आमचे सर्व हक्क राखीव आहेत.’

एवढंच. ‘आम्ही गरीब माणसं’ आणि ‘आपण मोठे’ हे वाक्य काढून टाका. तुमच्या जुन्या पत्रात ते आहे, आणि ते वाचून समोरच्याला कळतं की तुमच्याकडे मुद्दा नाही, विनंती आहे.

पुढच्या चालू बिलावर सही करताना ‘हरकत राखून’ असं हाताने लिहा. बिलासोबत ‘यापुढे कोणतीही मागणी नाही’ असा कागद येतो, बहुतेकदा शेवटच्या पानाच्या खाली टाचलेला. तो पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. पैसे अडले म्हणून करावीच लागली तर त्याच दिवशी ‘सही कशी घेतली’ ते ईमेल करा. महिनाभराने केलेल्या तक्रारीला किंमत राहत नाही.

वाद पुढे गेलाच, तर करारात लवादाचं कलम आहे आणि त्यात ‘कंपनीचे संचालक लवाद नेमतील’ असं आहे. हे वाचून तुम्ही हात टेकलेत. पण लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर कंपनीचा माणूस लवाद होऊ शकत नाही, आणि ज्याचा वादात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमणंही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून अमान्य ठरवलंय. लवादाचं ठिकाण करारात कुठलं लिहिलंय ते मात्र बघा. दिल्ली असेल तर कातळाच्या दीड लाखासाठी खर्च परवडणार नाही, आणि तेव्हा बोलून मिटवणं शहाणपणाचं. दावा करायला तीन वर्षांची मुदत असते, पण ती बोलणी चालू आहेत म्हणून थांबत नाही. काम कधी झालं, बिल कधी नाकारलं, दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवा.

उरला दुसरा टप्पा. मला वाटतं तुमची खरी ताकद इथे आहे आणि तुम्ही ती ओझं समजताय. कंपनीला सड्यावर, कातळावर, पावसाआधी काम करून देणारा स्थानिक माणूस हवाय. ऑक्टोबरात नवा शोधणं तिला महाग पडेल. म्हणून सही करण्याआधी बोला. सगळा करार बदलून मागू नका, ते होणार नाही. पाच ओळींचं पूरक पत्र मागा.

पहिली ओळ, खोदाईचे दर वेगळे: माती-मुरूम, जांभा खडक, काळा दगड. तीन दर असले की वादच उरत नाही. दुसरी, नोटिशीची मुदत १४ ऐवजी २८ दिवस. तिसरी, अनामतीची अर्धी रक्कम तुमचं काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर आणि उरलेली बारा महिन्यांनी, तेही तुमच्या कामापासून. सध्याच्या करारात ती ‘संपूर्ण प्रकल्प पूर्ण झाल्यावर बारा महिन्यांनी’ आहे. म्हणजे तरणतलाववाला ठेकेदार पळाला तर तुमचे ५ टक्के, सव्वाचार लाखांच्या जवळपास, अडकून राहणार. पहिल्या टप्प्यासाठीही हीच मागणी याच पत्रात घाला, आणि आठ कॉटेजच्या पूर्णत्वाचा दाखला आजच लेखी मागा. न मागितलेला दाखला कोणी देत नाही, आणि बारा महिने त्याच्यापासून मोजायचे असतात.

चौथी ओळ पैशाच्या तारखेची. करारात ‘मालकाकडून पैसे आल्यावर २१ दिवसांत’ असं आहे. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने अशी अट बहुतेक ठिकाणी निष्प्रभ केली. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून ती शब्दांतच मऊ करावी लागते: ‘किंवा बिल दिल्यापासून ६० दिवस, यापैकी जे आधी होईल ते.’ याच जोडीला ‘मुख्य करारातील अटी पोटठेकेदारालाही लागू’ अशी ओळ आहे. मुख्य करार तुम्ही पाहिलेला नाही. न पाहिलेल्या अटींना बांधून घ्यायचं नसतं. दर झाकून का होईना, अटींची प्रत मागा.

पाचवी काँक्रीटची आहे, आणि ती पैशापेक्षा नावासाठी. तुम्ही पाठवलेल्या जोत्याच्या पट्ट्याच्या नकाशात एम-२० ग्रेड आणि २५ मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) दिसतं. साईट समुद्रावरच्या सड्यावर आहे. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आय.एस. ४५६) किनारी हवेत ‘तीव्र’ वर्ग लागतो: किमान एम-३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर, खाऱ्या पाण्याचे तुषार थेट येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. डिझाइन त्यांचं आहे, पण चार वर्षांनी गंज फुटून काँक्रीट सुटलं की पहिला फोन सेंट्रिंग लावणाऱ्यालाच येतो. ओतायच्या आधी लेखी विचारा, ‘नकाशाप्रमाणे करू का?’ उत्तर येईपर्यंत शटरिंग बांधून ठेवा, ओतू नका, आणि त्या थांबलेल्या दिवसांचीही नोटीस द्या.

पूरक पत्र मिळालं नाही तर? तर काम घ्यायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण दर तोच ठेवून घेऊ नका. जी जोखीम कंपनी स्वतःकडे घ्यायला तयार नाही, तिची किंमत तुमच्या दरात दिसली पाहिजे: कातळाची, थकलेल्या बिलांवरच्या व्याजाची, अडकलेल्या अनामतीची. ६० लाखांच्या कामात यासाठी किती धरावे लागतील, ते पहिल्या टप्प्याच्या वहीतून निघेल. ती वही काढा, आणि चुलतभावाला आकडेमोडीला बसवा.